सातव्या भागातली शिंक

पहिला अर्धा तास सोडून द्या, असं नुगझार म्हणतो
प्रत्येक सिनेमाबद्दल.
टॅक्सीवाला माणूस, त्याला वळणं आवडतात,
वळणापर्यंत नेणारा रस्ता नाही.
त्सियालाचं उलट. तिला फक्त सुरुवात हवी:
माणसं अजून कुणाचं काही देणं लागत नाहीत,
टेबलावर चेरी आहेत,
कुणीतरी दार उघडं टाकून गेलंय.
शेवट म्हणजे लसूण, ती म्हणते,
एकदा खाल्ला की पुरे, वास राहतोच.

कुताइसीत, आमच्या पाच मजली इमारतीच्या अंगणात,
तुतीखाली हे सगळं चालतं,
डोमिनोचे ठोकळे आपटत.
मी औषधाच्या दुकानातली रात्रपाळी संपवून येते
आणि मध्ये तोंड घालते.

मला विचाराल तर
विनोदी सिनेमा दुसऱ्यांदा बघू नये.
हसू आधीच येऊन खुर्चीत बसलेलं असतं,
आपल्याला जागा उरत नाही.
रडका मात्र बघावा, भर ऑगस्टमध्ये, कलिंगड खात.
आणि खुनाची मालिका बघावी खुनी माहीत असताना,
म्हणजे निवांत बघता येतं
इन्स्पेक्टरची बायको त्याला सूप कसं वाढते,
दर भागात एक पळी कमी.
पहिल्या वेळी ते दिसलंच नव्हतं.
मी रक्ताकडे बघत होते.

एकमत फक्त एकीवर: ‘मिठागरातली बहीण’.
त्या हिवाळ्यांत वीज यायची दोन तास,
तीही लहर लागली तर.
नुगझार गाडीची बॅटरी चार जिने वर वाहून आणायचा,
एका खोलीत सतरा जण, अंगात कोट,
आणि पडद्यावर कुठल्याशा देशातलं रणरणतं ऊन.
सगळ्या पात्रांना एकच आवाज.
आई, धर्मगुरू, घोड्यावरचा दुष्ट मामा, अनाथ एल्विरा,
सगळे बोलायचे
सर्दी झालेल्या एका पुरुषाच्या आवाजात.
तोच प्रेमाची कबुली द्यायचा, तोच नकार,
वीजबिल वाचून दाखवावं तसा.

सातव्या भागात आई मरायला टेकते,
म्हणते, ‘बाळ, तुझा बाप...’
आणि शिंकते.
म्हणजे, तो शिंकतो.
मग ‘माफ करा’. मग बापाचं नाव.

परवा भाचीनं मला तीच मालिका आणून दिली,
धुऊनपुसून नवी केलेली.
ज्याला त्याला आपापला आवाज,
रंग असे की समुद्र ओला वाटावा.
मी थेट सातवा भाग लावला.
आई मेली. नाव सांगून, न शिंकता.
मला काही म्हणता काही वाटलं नाही.
शिळ्या कढीला ऊत आणायला माझी ना नाही,
पण ही कढीच दुसऱ्या घरची.

शिंकणारे वार्लाम काका आमच्याच जिन्यावर राहतात.
ऐंशी उलटलीय, आवाज अजून तसाच चोंदलेला.
काल मी विचारलं, तुम्ही कुठला भाग पुन्हा बघाल?
ठोकळे थांबले.
‘पुन्हा?’ ते म्हणाले, ‘मी एकही पाहिलेला नाही.
कानात त्यांची भाषा, डोळे कागदावर.
कागद यायचे त्याच दुपारी, शाई ओली.
आई मरणार हे मला
पान उलटल्यावर कळलं.’

मग आम्ही टीव्ही खाली आणला,
त्सियालाच्या खिडकीतून वायर सोडली.
अर्धा तास पुढे ढकला, नुगझार म्हणाला.
कुणी ऐकलं नाही.
एल्विरा दारात आली, ओल्या केसांनी, सतरा वर्षांची,
आणि काका पुढे वाकले.
‘ही?’ ते म्हणाले. ‘हिला मी
चांगली पन्नाशीची समजत होतो.’
मग कितीतरी वेळ काही बोलले नाहीत,
चष्मा काढला, पुसला, परत लावला.

रात्री तीन भाग झाले. आज तीन.
सातवा उद्या.
पर्समध्ये मिरपुडीची पुडी टाकून ठेवलीय,
असू दे.